वादळानंतरची उघडीप

फाल्गुन सरत आला की महाराष्ट्रात ऋतुपालटाची चिन्हे दिसू लागतात. माळावरचा पळस पेटल्यासारखा फुलतो, आमराईतून मोहोराचा वास दरवळतो आणि दुपारच्या उन्हात चटका जाणवू लागतो. तरीही शेतकरी निर्धास्त नसतो. एखाद्या दुपारी आभाळ अवचित काळवंडते, गारांचा मारा सुरू होतो आणि हाताशी आलेला गहू पाहता पाहता आडवा होतो. दुसऱ्या दिवशी मात्र असे स्वच्छ ऊन पडते की, काल काही घडलेच नव्हते असे वाटावे. दोन ऋतूंच्या सांध्यावर निसर्गाचा हा लहरीपणा जगात इतरत्रही आढळतो.

शीत प्रदेशात तर तो अधिक उग्र रूप धारण करतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्च महिना म्हणजे हिवाळा आणि वसंत यांच्या ओढाताणीचा काळ. दक्षिणेकडून उबदार व दमट हवा वर सरकू लागलेली असते. परंतु उत्तरेस कॅनडाच्या बर्फाळ मैदानांवर थंड आणि जड हवेचा साठा अद्याप शिल्लक असतो. या दोहोंची गाठ किनाऱ्याजवळ पडली म्हणजे समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते. त्याच्याभोवती वारे भोवऱ्यासारखे फिरू लागतात, समुद्रावरची वाफ वर खेचली जाते आणि थंड हवेत तिचे हिम होते. किनाऱ्यावर हे वारे ईशान्येकडून येऊन आदळतात, म्हणून तेथील लोक अशा वादळाला 'नॉरईस्टर' म्हणतात. १८८८ सालच्या मार्च महिन्यात अशाच एका वादळाने न्यूयॉर्क शहराची परीक्षा पाहिली. ते वादळ जितके स्मरणीय ठरले, तितकीच त्यानंतर पडलेली उघडीपही स्मरणीय ठरली.

न्यूयॉर्क हे त्या काळी जगातील अग्रगण्य शहरांपैकी एक होते. तेथे सुमारे पंधरा लाख लोक राहत. उंच लोखंडी खांबांवर टाकलेल्या रुळांवरून आगगाड्या धावत; खाली रस्त्यावर घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत. तारायंत्राच्या, दूरध्वनीच्या आणि विजेच्या तारांचे एवढे दाट जाळे डोक्यावर पसरलेले होते की, काही रस्त्यांत आकाशही त्या तारांमधूनच पाहावे लागे. ब्रुकलिनचा प्रचंड झुलता पूल पाचच वर्षांपूर्वी, म्हणजे १८८३ साली, खुला झाला होता. या देशाच्या उद्यमशीलतेचे साऱ्या जगाला कौतुक वाटे. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेतच होत्या. स्वदेशातील विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळवीत त्या तो देश डोळसपणे पाहत होत्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथातून त्यांनी तो देश मराठी वाचकांच्या परिचयाचा करून दिला. अशा त्या सामर्थ्यवान देशाचे हे सर्वांत मोठे शहर एका रात्रीत निसर्गापुढे निरुपाय होईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

शनिवार, १० मार्च रोजी हवा अत्यंत सौम्य होती. हिवाळा संपला, अशी लोकांची खात्री झाली. जाड कपड्यांचे ओझे उतरवून मुले-माणसे उद्यानांतून हिंडली. न्यूयॉर्कपासून काही अंतरावर, न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन या गावी, वॉल्ट व्हिटमन हे वृद्ध कवी राहत होते. डँडेलियनच्या पहिल्या फुलावर त्यांनी एक लहानशी कविता लिहिली होती. डँडेलियन हे गवतात आपोआप उगवणारे साधे पिवळे फूल. त्याला कोणी पेरीत नाही की पाणी घालीत नाही. परंतु ते दिसले म्हणजे वसंत आला, असे तेथील लोक समजतात. 'न्यूयॉर्क हेरल्ड' या दैनिकात ती कविता सोमवारी, १२ मार्च रोजी छापून आली. दैवाचा खेळ असा की, वसंताच्या त्या चिमुकल्या दूताचे स्वागत करणारे वर्तमानपत्र लोकांच्या हाती पडावयाच्या वेळी शहराचे रस्ते बर्फाखाली गडप झाले होते.

रविवारी दिवसभर पाऊस लागला होता. संध्याकाळपासून हवेतील गारठा वाढत गेला. मध्यरात्र उलटली आणि पावसाचे हिम झाले. वारा ताशी सत्तर किलोमीटरांहून अधिक वेगाने घोंघावू लागला. मधूनमधून त्याचे झोत याहूनही प्रचंड असत. सोमवारी सकाळी लोकांनी दारे उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कित्येकांची दारे उघडेनात. बाहेर पाहावे तर पलीकडचे घरही दिसू नये, अशी स्थिती. शहरात सुमारे ५३ सेंटिमीटर बर्फ पडला. उत्तरेकडील काही गावी तर त्याची जाडी दीड मीटरच्या जवळ पोचली. परंतु खरा घात केला तो वाऱ्याने. त्याने मोकळ्या जागेतील बर्फ उचलून भिंतींच्या आडोशाला असा रचला की, काही ठिकाणी ढिगारे दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना टेकले.

असे असूनही असंख्य माणसे घराबाहेर पडली. कारखान्यातील कामगार, दुकानातील मुली, कचेरीतील कारकून यांना एका दिवसाची मजुरी बुडणे परवडणारे नव्हते. हातची नोकरी जाईल, ही धास्तीही होतीच. उंचावरील आगगाड्या थोडा वेळ रखडत चालल्या आणि मग जागच्या जागी गोठल्यासारख्या थांबल्या. हजारो उतारू जमिनीपासून कित्येक फूट उंचीवर, वाऱ्याच्या माऱ्यात अडकून पडले. काही चलाख माणसांनी शिड्या आणल्या आणि पैसे घेऊन उतारूंना खाली उतरविण्याचा धंदा मांडला! रस्त्यातील ट्रामगाड्यांचे घोडे सोडून नेण्यात आले. रिकाम्या गाड्या बर्फात रुतून राहिल्या. चिमण्या वळचणीखाली गारठून मेल्या. अनोळखी माणसांनी मात्र अनोळखी माणसांना हात दिला. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि पोलीस ठाण्यांत जागा मिळेल तेथे लोक दाटीवाटीने रात्र काढू लागले.

या दिवसाची एक कथा न्यूयॉर्कमध्ये अद्याप सांगितली जाते. रॉस्को कॉन्कलिंग हे अमेरिकेच्या सिनेटचे माजी सभासद आणि नामांकित वकील होते. उंचापुरा बांधा, पिळदार शरीर आणि स्वतःच्या बळावर अमर्याद विश्वास, असा हा ५८ वर्षांचा पुरुष सोमवारी संध्याकाळी वॉल स्ट्रीट भागातील आपल्या कचेरीतून घराकडे निघाला. एका गाडीवानाने त्यांच्याकडे पन्नास डॉलर भाडे मागितले. ही लूट आहे, असे म्हणून कॉन्कलिंग संतापाने पायीच चालू लागले. सुमारे चार किलोमीटरांची ती वाट एरवी तासाभराचीही नव्हती. त्या दिवशी ती संपता संपेना. युनियन चौकात ते छातीएवढ्या बर्फात रुतले. कशीबशी सुटका करून घेऊन ते आपल्या क्लबच्या दारापर्यंत पोचले आणि तेथेच कोसळले. त्या दिवशीच्या श्रमांतून आणि थंडीतून ते पुरते सावरलेच नाहीत. १८ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी वादळाने थोर आणि सामान्य असा भेद केला नाही. तरी गरिबांच्या वाट्याला अधिक हाल आले, हे नमूद केलेच पाहिजे. ज्या घरांत कोळसा रोजच्या रोज बादलीने विकत आणला जाई, तेथील चूल आणि शेगडी पहिल्याच दिवशी थंड पडली. दुधाच्या गाड्या शहरात येऊ शकल्या नाहीत. लहान मुलांच्या घरांत त्याची झळ सर्वांत आधी लागली.

बर्फाच्या आणि वाऱ्याच्या भाराने खांब मोडून पडले व तारा तुटल्या. राजधानी वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क यांच्यातील संदेशांची देवघेव थांबली. न्यूयॉर्क आणि बोस्टन ही दोन शहरे एकमेकांपासून साडेतीनशे किलोमीटरांहून कमी अंतरावर आहेत. परंतु त्यांच्यामधील सरळ तारा निकामी झाल्यामुळे संदेश अटलांटिक महासागराखालच्या तारेने इंग्लंडला पाठवून तेथून परत दुसऱ्या शहरी आणावे लागले. समुद्राच्या तळाशी असलेली तार शाबूत राहिली आणि रस्त्यावर उभारलेली तुटली! या विरोधातच पुढच्या शहाणपणाचे बीज दडलेले होते.

मंगळवारी, १३ तारखेला, थंडी पराकोटीला पोचली. पारा शून्याखाली १४ अंशांपर्यंत उतरला. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्यामधील पूर्व नदीत बर्फाचे मोठमोठे तुकडे अडकून त्यांचा जणू पूलच तयार झाला. साहसी लोक त्यावरून पायी पलीकडे जाऊ लागले. त्यांचे पाहून इतरांनाही धीर आला. पुढे भरतीचे पाणी उलटले आणि तो पूल कडकडा मोडला. कित्येक माणसे तरंगत्या तुकड्यांवर उभी राहिलेली तशीच प्रवाहाबरोबर वाहत चालली. किनाऱ्यावरून दोर फेकून आणि वाफेच्या लहान बोटी पाठवून त्यांना वाचविण्यात आले. समुद्रावरील स्थिती तर याहूनही भयंकर होती. सुमारे दोनशे जहाजे किनाऱ्यावर आदळली, बुडाली किंवा मोडली.

आणि मग वारा पडला. बुधवारी ढग विरळ झाले, हिमवर्षाव थांबला आणि सूर्य दिसू लागला. जे सामर्थ्य हजारो फावड्यांना लाभले नव्हते, ते त्या शांत उन्हाला लाभले. वसंतातील बर्फ जितक्या आवेशाने येतो, तितक्याच लवकर त्याला निरोप घ्यावा लागतो. मार्चच्या मध्याला दिवस जवळजवळ रात्रीएवढा मोठा झालेला असतो. सूर्य डिसेंबरपेक्षा पुष्कळ वर चढतो आणि त्याचे किरण कमी तिरपे पडतात. वादळ दूर सरकल्यानंतर त्याच्या जागी जास्त दाबाची हवा आली म्हणजे ती सावकाश खाली उतरते. खाली उतरताना ती थोडी तापते व कोरडी होते. ढग विरून जातात. अशा कोरड्या, निवांत हवेत सूर्याला आपले काम निर्वेधपणे करता येते.

तथापि हे कामही सोपे नसते. ताजा पांढरा बर्फ आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकतो. तो मळकट होऊ लागला म्हणजे उष्णता अधिक शोषून घेतो आणि लवकर वितळतो. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापविता आले असते! म्हणूनच ऊन पडले तरी सारा बर्फ एका दमात पाणी होत नाही. या सावकाशीत निसर्गाची दयाच दिसते. दोन दिवस साठलेला तो डोंगर एका तासात वितळता, तर बर्फातून वाचलेले शहर पाण्यात बुडाले असते.

न्यूयॉर्कमध्ये छपरांवरून पागोळ्या गळू लागल्या. रस्त्यांच्या कडेने मळकट पाण्याचे ओहोळ वाहू लागले. रोजंदारीवर माणसे लावून फावड्यांनी बर्फ गाड्यांत भरला गेला आणि तो नदीत लोटण्यात आला. काही ठिकाणी लोकांनी ढिगाऱ्यांतच लाकडे पेटवून बर्फ वितळविला. संकट ओसरताच थट्टाविनोदही परतला. कोणी विनोदी माणसाने बर्फाच्या ढिगाऱ्यावर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी खोचली! दूधवाले आले, कोळशाच्या गाड्या आल्या, उंचावरून आगगाड्या पुन्हा धावू लागल्या आणि मुले घसरगुंड्या करून खेळू लागली.

परंतु उघडीप पडली तेव्हाच हानीची खरी मोजदाद करता आली. पूर्व किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली होती. त्यांतील दोनशेच्या आसपास एकट्या न्यूयॉर्क शहरातील होती, तर निदान शंभर खलाशी समुद्रात गेले होते. काहींचे देह बर्फ वितळू लागल्यावरच सापडले. ज्या उन्हाने शहराला हसविले, त्याच उन्हाने कित्येक घरांत शोकाची वार्ता आणली.

अशा वेळी माणसाच्या मनात एक मोह उत्पन्न होतो. भीतीचे कारण दूर झाले की ती गोष्ट मनातून पुसून टाकावी, असे त्याला वाटते. ओल्या रस्त्यावर ऊन चमकत असताना मागच्या सोमवारचा विचार कोणाला रुचणार? न्यूयॉर्कलाही हा मोह नवा नव्हता. डोक्यावरच्या तारा जमिनीखाली नेल्या पाहिजेत, असा कायदा १८८४ सालीच झालेला होता. परंतु खर्च फार, काम अवघड आणि दिवस तर सुरळीत चाललेले. म्हणून तारांच्या कंपन्या चालढकल करीत राहिल्या. भुयारी रेल्वेची सूचनाही नगराध्यक्ष एब्राम ह्यूइट यांनी वादळापूर्वी सहाच आठवडे, जानेवारीच्या अखेरीस मांडली होती; तिचे चीज झाले नाही. चांगल्या हवेत चांगला सल्ला ऐकू येत नाही, हेच खरे.

या वादळानंतर मात्र तो सल्ला टाळणे कठीण झाले. तुटलेल्या तारांचे गुंते लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढच्याच वर्षी तारांवर काम करणाऱ्या एका माणसाचा भर रस्त्यात, लोकांच्या देखत मृत्यू झाला आणि जनतेचा संताप अनावर झाला. अखेर नगराध्यक्षांच्या आज्ञेने रस्त्यांवरचे खांब कुऱ्हाडींनी तोडण्यात आले व तारा जमिनीखाली गेल्या. बोस्टन शहरात १८९७ साली अमेरिकेतील पहिला भुयारी लोहमार्ग सुरू झाला. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी धावू लागली. या कामांना आणखीही कारणे होती. परंतु आपल्या शहरात काय उणे आहे, हे त्या दोन दिवसांनी जितके स्पष्ट दाखविले, तितके कोणत्याही अहवालाने दाखविले नव्हते.

पुढे कित्येक वर्षे त्या वादळातून गेलेली माणसे त्याच्या स्मरणदिनी एकत्र जमत. तरुणपणी भोगलेली थंडी वार्धक्यात उबेने सांगत. त्यांतील शेवटचा मनुष्यही आता उरलेला नाही. परंतु त्यांच्या काळात सुरू झालेले काम उरले आहे. २०१६ सालच्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्कमध्ये १८८८ पेक्षाही अधिक, म्हणजे जवळजवळ ७० सेंटिमीटर बर्फ पडला. या वेळी वादळाची सूचना काही दिवस आधीच मिळालेली होती. उघड्यावरील आगगाड्या थांबविण्यात आल्या, तरी जमिनीखालच्या गाड्या धावत राहिल्या. निसर्गाचा स्वभाव पालटला नव्हता; माणसाची तयारी पालटली होती.

व्हिटमनच्या कवितेची त्या सोमवारी अनेकांनी थट्टा केली असेल. बर्फाच्या दिवशी फुलाची कविता, यापरता विसंगत योग कोणता? तथापि कवीची चूक झाली नव्हती. डँडेलियनचे मूळ जमिनीत खोल गेलेले असते. वरच्या बर्फाच्या थरात हवा कोंडलेली असल्यामुळे तो एखाद्या घोंगडीसारखा जमिनीची ऊब राखतो आणि कडाक्याच्या वाऱ्यापासून मुळांचे रक्षण करतो. बर्फ वितळला की त्याचेच पाणी त्या मुळांना मिळते. पहिले फूल हिरमुसले, तरी त्याच मुळातून दुसरे वर येते. मुंबईचा पाऊस असो की विदर्भातील गारपीट असो, आभाळ निवळल्यावर माणसानेही या रोपाकडे पाहावे. शांत दिवसांत ज्याने आपले मूळ खोल नेलेले असते, त्यालाच वादळानंतर पुन्हा फुलता येते.